उल्काची जागा

१२ जुलै, ॲडिलेड

पोचलो एकदाच्या! उल्का आणि मी, दोघीच. नवरे नाहीत, सासवा नाहीत, ऑफिसचा लॅपटॉपही मुद्दाम घरी ठेवलाय. विमानतळावरच भाड्याची गाडी घेतली, पांढरी आणि ऐसपैस. उद्यापासून उत्तरेला निघायचं आणि वाळवंटातली राष्ट्रीय उद्यानं पालथी घालायची. नवऱ्याला पुण्यात ठेवून नोकरीसाठी सिंगापूरला येऊन मला जेमतेम तीन महिने झालेत, पण तिथली दमट हवा आणि शिस्त या दोन्हींचा आताच कंटाळा आलाय. शिस्तीचा जरा जास्तच.

उल्काला हे बोललेलं चालत नाही. ती चौदा वर्षं सिंगापूरच्या पुंगोल भागात राहतेय आणि मनाने पक्की सिंगापुरी झालीय. रस्ता ओस पडलेला असला तरी सिग्नलवरचा हिरवा माणूस दिसेपर्यंत पाय पुढे टाकत नाही. पण मी बेडोकच्या भाड्याच्या खोलीत एकटी तापाने फणफणले होते, तेव्हा फारशी ओळख नसताना आमच्याच ऑफिसातून डबा घेऊन थेट आली ती हीच. परक्या गावात माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस आहे.

१३ जुलै

दिवसभर गाडी. लाल डोंगर, लाल माती, मध्येच रस्ता ओलांडणारे एमू. मी चालवत होते आणि उल्का शेजारी बसून वेगाच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवत होती. दोघींनी घसा बसेपर्यंत गाणी म्हटली. किती दिवसांनी एवढी हसले!

१४ जुलै

आज उल्काने कहर केला. उद्यानातल्या एका वळणावर पत्र्याचं छप्पर होतं, त्याखाली टेबल आणि बाक. बाकी चिटपाखरू नाही. कोरडी नदी बघून येऊ आणि मग इथेच थेपले खाऊ असं ठरलं. निघताना बाईसाहेबांनी पर्समधून टिश्यूचं पाकीट काढलं आणि बाकावर ठेवलं!

सिंगापूरला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मंडपात, असंच करतात. आधी टेबलावर पाकीट ठेवायचं, मग खायला आणायला जायचं. पाकीट दिसलं की जागा गेली. हातात तापलेला वाडगा घेऊन माणूस अवघडून उभा राहील, पण त्या पाकिटाला बोट लावणार नाही. मला या प्रकाराचा पहिल्या दिवसापासून राग आहे. उल्काला विचारलं, कोणासाठी राखतेस गं, कांगारूसाठी? ती ओशाळली, म्हणाली, वल्लरी, हात सवयीने गेला. पण पाकीट तिथेच राहिलं.

परत आलो तर ते उघडलेलं होतं. एक टिश्यू बाहेर काढून बाकावर नीट पसरला होता, आणि त्यावर लाल मातीचा डाग. उल्का म्हणाली वारा असेल. वारा अजिबात नव्हता. तिने पाकीट उचललं, पण त्या बाकावर काही बसली नाही. थेपले उभ्यानेच खाल्ले.

१५ जुलै

सकाळी गाडी सुरू केली आणि बीप बीप सुरू. मागच्या सीटवरच्या माणसाने पट्टा लावलेला नाही म्हणे. मागे कोणी नव्हतं, बॅगाही डिकीत होत्या. मी उतरून सीट चाचपली. बाहेर काचेवर दव गोठलं होतं आणि सीट मात्र कोमट होती.

मी सेन्सरला शिव्या घालत होते, तेवढ्यात उल्काने मुकाट्याने मागे वाकून त्या रिकाम्या सीटला पट्टा लावला. आवाज थांबला. मला मात्र ते अजिबात आवडलं नाही. दिवसभर आरशात मागे बघायचं टाळलं, हे इथे खरं लिहिते.

१६ जुलै

पेट्रोल भरून, बिल देऊन आलो तर पाकीट पुढच्या सीटवर. उल्काच्या सीटवर. तिने ते पर्समध्ये ठेवल्याचं मी स्वतः पाहिलं होतं.

उल्का दार उघडून तशीच उभी. कुणीतरी राखलीय गं, असं हळूच म्हणाली. माझं डोकंच फिरलं. पाकीट उचललं, पंपावरच्या कचऱ्याच्या डब्यात कोंबलं आणि तिला दंडाला धरून सीटवर बसवलं. इथे आपण भाडं भरलंय, म्हटलं.

पुढे बऱ्याच वेळाने लक्षात आलं, उल्काने पट्टा लावलाच नव्हता. उल्काने! आणि गाडीने एकदाही बीप केलं नाही.

१८ जुलै, बेडोक

परत आलो. ओली हवा, झाडं, गर्दी. कंटाळा नाही आला, जीव भांड्यात पडला. ते तिकडेच राहिलं असणार.

संध्याकाळी उल्काबरोबर भाजी आणायला गेले. ती पुढे होती. दुकानाचं आपोआप उघडणारं दार तिच्यासाठी उघडलं नाही. मी पोचल्यावर उघडलं. ती हसली, पण तिचा हात बर्फासारखा गार होता.

२० जुलै

पुंगोलला उल्काकडे जेवायला. तिच्या नवऱ्याने, निहारने, तीन पानं मांडली होती. तिच्या खुर्चीवर पाकीट. तेच, मी पंपावर फेकलेलं, आता मातीने माखलेलं.

निहारने त्या रिकाम्या खुर्चीसमोर आमटी वाढली. पाणी ठेवलं. मला सहलीचं विचारत राहिला. उल्का स्वयंपाकघराच्या दारात उभी.

मी म्हटलं, अहो, बायकोला बसू द्या की. त्याने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, नाव आठवत असल्यासारखं. मग म्हणाला, राहू दे ना, कुणाची तरी जागा आहे ती.

मी पाकीट खिडकीतून फेकलं. हात धुऊन आले तर पुन्हा खुर्चीवर.

२१ जुलै

उल्काचा फोन. आवाज खोल गेलेला. दोन दिवस जेवली नाही. पलंगावरही पाकीट आहे म्हणे, सोफ्यावरही. ती जमिनीवर झोपते.

सांगितलं, फेकून दे. म्हणाली, असं कसं, आधी ठेवलंय त्यांनी.

त्यांनी! माझी मैत्रीण अशी उभ्या उभ्या पुसली जाणार आणि मी बघत बसू? नाही जमायचं. माझ्याशी गाठ आहे.

२२ जुलै, दुपार, उल्काचं घर

बसले. उल्काच्या खुर्चीवर, पाकिटावरच बसले.

खुर्ची तापलीय. पाठ टेकू देत नाही —

उल्का दारात रडतेय. ऊठ म्हणतेय, आपली नाही ती जागा. अगं तुझीच आहे! तुझं घर, तुझं टेबल. ओरडून सांगितलं, याला मी इथे अडकवून ठेवते, तू ताट घे आणि समोर बस.

मांडीवर वजन. वाढतंय. दातांत माती करकरतेय —

उल्का आली. बसली! खुर्ची वाजली तिच्याखाली. पोळी तोडतेय. खातेय. गालांवर रंग —

मान वर करून बघतेय. माझ्या आरपार. वल्लरी, वल्लरी म्हणतेय. ओ देतेय मी, एवढ्या मोठ्याने, आणि ती जिन्याकडे जाऊन —

असू दे. जेव आधी.

आणि तू, कोण असशील तो. ती चौदा वर्षं राहिलीय इथे, पाकीट दिसलं की जागा सोडते. मी तीनच महिने. मला जागा सोडायची सवय नाही. ढकल, हवं तेवढं ढकल, मी इथून उठणार ना—