नळीवरचं कुंकू

शिरगाव, बदलापूर
५ जानेवारी २०२५

ती. कैलासकाकांस,
शलाकाचा सा. न. वि. वि.

फॅमिली ग्रुपवर तुमच्या तब्येतीचा विषय काढायचा नाही अशी तुमचीच ताकीद आहे, म्हणून पत्र. रक्ताच्या कॅन्सरची औषधं थांबून सहा महिने झाले. तो परत तर आला नाही ना, हे बघायला हॉस्पिटलला रक्त हवंय. एक नळी माझ्या संशोधनालाही द्याल?

पेशींत आरएनए नावाचे धागे असतात. काहींची टोकं जुळून कडं बनतं. धागे कुरतडणाऱ्या एन्झाइमना टोक लागतं, कड्याला टोकच नाही, म्हणून ते जास्त टिकतं. या रोगात काही कडी वाढतात, काही घटतात. त्यावरून रोग परततोय हे लवकर ओळखता येईल का, ते मी शोधतेय.

सोमवारी, १३ तारखेला, आमच्या लॅबमधला प्रीतम घरी येऊन रक्त घेईल. त्याला चहाच द्या, जेवायला बसवू नका.

माया आहे तेवढी राहू द्या.
तुमची शलाका

कॅम्प ४, उल्हासनगर
१४ जानेवारी

चि. शलाका हिस अनेक आशीर्वाद.

मध्ये एकटं अंबरनाथ, तरी तुझ्या पत्राला चार दिवस लागले. तुझं कडं मला एका फटक्यात कळलं. कमरेच्या इलास्टिकची टोकं मोकळी ठेवली की धागे सुटतात, जोडून शिवली की जीन्स फाटेल पण इलास्टिक राहील. तीस वर्षं कारखान्यात हेच करतोय, मला कुणी पीएचडी दिली नाही. शेजारच्या जितेश सेठना समजावलं, तर म्हणाले, साईं, ये तो अपना ही धंदा है.

रक्त दिलं. प्रीतम जेवून गेला. तो हात धुवायला उठला तेवढ्यात तुझ्या काकूने दोन्ही नळ्यांना हळदकुंकू लावलं. आपल्याकडे नवीन मशीनसुद्धा त्याशिवाय चालू होत नाही.

काकाची आठवण ठेव.
कैलास

शिरगाव
२० जानेवारी

ती. काकांस सा. न.

कुंकू थेट बारकोडवर लागलंय. नळी कुणाची ते मशीनला वाचता येईना, दोन्ही नळ्या बाद. प्रीतमला बोलणी बसली. काय जेवलास असं विचारल्यावर त्याने वालाचं बिरडं म्हणून खरं सांगितलं.

परत रक्त द्यावं लागेल. हसत लिहितेय, पण त्या रिपोर्टची मला धास्ती आहे. उशीर करू नका.

रागवा, पण विसरू नका.
शलाका

कॅम्प ४
३० जानेवारी

चि. शलाकास काकूचे आशीर्वाद.

हे नाही म्हणत होते. म्हणे एकदा दिलेलं दान परत कसं मागतात. चार दिवस कारखान्यात दडून बसले. सुईला ते कधीच घाबरले नाहीत गं, उत्तराला घाबरतात. मलाही भीती वाटते, नाहीतर नळीला कुंकू कशाला लावलं असतं?

शेवटी मी फोन हातात घेतला. म्हटलं, रक्त द्यावं की नाही ते फॅमिली ग्रुपलाच विचारते. पुढच्या मिनिटाला बाही वर. या वेळी नळ्यांना हात लावला नाही. कुंकू प्रीतमच्या कपाळाला लावलं.

जिवाला जप.
संजीवनीकाकू

शिरगाव
१२ फेब्रुवारी

ती. काका-काकूंस सा. न.

रोग परतलेला नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिला, मी पाच वेळा वाचला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. फोन केला असता, पण तुम्ही स्पीकरवर ठेवता आणि जितेश सेठ ऐकतात.

माझ्या कड्यांचं एवढ्यात काही सांगता येणार नाही, अजून पुष्कळ जणांचं रक्त तपासावं लागेल. तीन महिन्यांनी पुन्हा द्यायचंय. बिरडं असेल का, असं प्रीतमने आत्ताच विचारून ठेवलंय.

एक फक्त काकूंसाठी. काकांची नळी ज्या फ्रीजरमध्ये आहे, त्याच्या मागच्या बाजूला मी कुंकवाचं बोट लावलंय. सरांनी विचारलं तर गंज आहे म्हणून सांगणार आहे.

तुमचीच,
शलाका