खोटं दिसलं की हात वर

दि. ३ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे आणि तुझे आजोबा कुरकुरताहेत, त्यांचं बरं असणं ते तेवढंच.

तू फोन करतेस तेव्हा मला नुसती खरखर ऐकू येते, आणि तुला वाटतं ओरडलं की पोचतं. म्हणून लिहिते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे. शिक्षिका झालीस म्हणून लाल शाईने सुधारून परत पाठवू नकोस.

तू पाठवलेले सिनेमे शेजारी शिंपीणबाईकडे बसून पाहिले. तिचा टीव्ही मोठा आणि मन त्याहून मोठं, म्हणून बरं. पण मला एक कळेना. तुला शाळेने भूगोल शिकवायला ठेवलंय ना? आमच्या वेळी सिनेमाला गेलं की मार बसायचा. तुझ्या वर्गात नाही पाहिला तर गैरहजेरी लागते म्हणे! वर तू लिहितेस, आजी, तुला कळलं की पोरांना कळेलच. म्हणजे माझ्या डोक्याची तू फूटपट्टी केलीस. असो, नातीसाठी तेही सही.

पहिल्यात डोंगर आग ओकतो आणि एक बाई गाडी घेऊन त्या आगीच्या पुढे पळते. केस जागचा हलत नाही तिचा. दुसऱ्यात जमीन फाटते, एक बस गिळते आणि परत मिटते. तुझ्या आजोबांनी जन्मभर बस चालवली. ते जमिनीवर चिडले नाहीत, त्या ड्रायव्हरवर चिडले, की गाढवाने ब्रेक का नाही दाबला. तिसऱ्यात समुद्र आपला आपण मागे जातो, मासे तडफडतात, माणसं बघायला धावतात आणि मग लाट येते. पहिले दोन मला पटले. तिसरा साफ थाप. समुद्र मागे जायला ती काय बादली आहे?

बाकी विशेष नाही. पुढच्या खोलीचं दार अडकायला लागलं होतं. सुताराला बोलावून रंधा मारून घेतला. लाकूड फुगलंय म्हणाला. फुगू दे, या घरात माणसंही फुगूनच बसतात.

जेवत जा. माया आहे ती तशीच राहू दे.
तुझी आजी


दि. ११ जुलै

ती. आजीस,
सा. न. वि. वि. पत्र वर्गात वाचून दाखवलं. बादलीपाशी पोरं इतकी हसली की शेजारच्या वर्गाच्या बाई दार वाजवायला आल्या.

पण आजी, तू नेमकी उलटी बाजू धरलीस. भूकंपात जमीन अशी फाटून बस गिळत नाही आणि पाकिटासारखी मिटतही नाही. वितळलेला दगड वाहतो तो बहुतेक वेळा हळू, चालत बाजूला होता येतं. खरा धोका तापलेल्या राखेच्या लोटाचा, तो सिनेमावाल्यांनी उरकून टाकला. आणि तुझी साफ थाप, तीच खरी आहे. दर वेळी नाही, पण मोठी लाट यायच्या आधी समुद्र मागे जाऊ शकतो. तेव्हा मासे बघत उभं राहायचं नाही, उंचावर पळायचं.

वर्गात आमचा एक खेळ आहे. खोटं दिसलं की हात वर. हात वर गेला की मी सिनेमा थांबवते आणि का खोटं ते बोलायचं. मुख्याध्यापकांना आधी हे थेर वाटत होते. परवा ते डोकावले तर सगळ्या वर्गाचे हात वर! त्यांना वाटलं, सगळ्यांना उत्तर येतंय. खूश होऊन गेले.

सोबत चौथा सिनेमा पाठवते. डोंगर कोसळतो त्याचा. तुमच्या घरामागे डोंगरच आहे, तेव्हा यात तू जास्तच चुका काढशील. डोंगर दुरून साजरे म्हणतात, तुम्ही मात्र त्याला पाठ टेकून बसलात. आजोबांना नमस्कार. त्यांना सांग, ब्रेक दाबूनही उपयोग झाला नसता.

लोभ आटू देऊ नये.
तुझी भिंगरी


दि. २९ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. चौथा सिनेमा शिंपीणबाईकडे अख्ख्या गल्लीने पाहिला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तुझा खेळ मी सगळ्यांना शिकवला आणि काय सांगू, एकेक जण पंडित झाला. सिनेमात आधी मोठा आवाज होतो, कुत्री भुंकतात, पाखरं उडतात, एक शास्त्रज्ञ घसा फोडून ओरडतो आणि त्याचं कुणी ऐकत नाही. मग घराएवढे दगड येतात. हात वर, हात वर! सुताराने तर सिनेमाचं नाव पडद्यावर आलं तेव्हाच हात वर केला.

आता पुढचं ऐक. परवा सरकारी ऑफिसातला एक माणूस आला. तरणा, बुटांना चिखल, डोळ्यांना चष्मा. खांबावर कागद चिकटवून म्हणाला, पावसाने डोंगराचा उतार हलतोय असं वाटतं, वरच्या ओळीतल्या घरांनी नदीपलीकडच्या सभागृहात राहायला जावं. वरची ओळ म्हणजे आपलीच. तुझ्या आजोबांनी शांतपणे हात वर केला. मग सुताराने. मग सगळ्या गल्लीने, मीही. त्या बिचाऱ्याला वाटलं आम्हाला शंका आहेत. तो म्हणाला, एकेक करून विचारा. गल्ली जी हसली, जी हसली! चहासुद्धा न घेता गेला.

मला मात्र नंतर जरा गोंधळल्यासारखं झालं. तो ओरडत नव्हता. सिनेमातला ओरडत होता आणि तो खोटा, मग हा न ओरडणारा खरा का? पण आवाज नाही, पाखरं जागच्या जागी, शिंपीणबाईचं कुत्रं तर आडवं पडून घोरतंय. मग हलतंय ते काय?

सुताराला सध्या मान वर करायला सवड नाही. वरच्या ओळीत सगळ्यांचीच दारं अडकताहेत. आपल्या दाराला परत रंधा मारला, तर आता वरच्या कोपऱ्यात बोटं जातील एवढी फट आणि खाली तसंच घासतंय. मी त्याला म्हटलं, अरे, तू सुतार आहेस की न्हावी, भादरतोयस नुसता! दिव्याचा खांबही वाकलाय. तुझे आजोबा म्हणतात तो पहिल्यापासून वाकडा होता. त्यांच्या मते जगात सगळं पहिल्यापासूनच असतं.

मधूनमधून आठवण काढावी, एवढंच मागणं.
तुझी आजी


दि. १ ऑगस्ट

ती. आजीस,
सा. न. वि. वि. आजोबांच्या जुन्या सोबत्याच्या बसमधून हे पत्र पाठवते, म्हणजे आजच हाती पडेल. दोनदा फोन केला. तू दोन्ही वेळा बरं बरं म्हणून ठेवून दिलास.

आजी, दार फुगलेलं नाही. एक दार अडकलं तर लाकूड फुगलं म्हणू. ओळीतली सगळी अडकली तर चौकटी तिरक्या होताहेत. चौकट तिरकी होते कारण भिंत सरकते, आणि भिंत सरकते कारण खालची जमीन सरकते. खांबही त्यामुळेच. तो चष्मेवाला हेच सांगत होता. सुताराला म्हणावं, रंधा खाली ठेव. डोंगर खूण करतोय आणि तो ती तासून टाकतोय.

मी वर्गात खोटं कसं धरायचं ते शिकवलं, खरं कसं दिसतं ते दाखवायचंच राहिलं. खरं दिसतं ते असं. कंटाळवाणं. दार घासतं. आज मुलांना विचारलं, डोंगर सरकत असेल तर काय दिसेल? सगळे म्हणाले, काहीच नाही बाई, ते सिनेमात असतं.

आजच निघा. तू विचारशील, नक्की पडेल का? मला माहीत नाही. कधी, तेही माहीत नाही. कुणीही छातीठोक सांगणार नाही. तरी निघा. मला सुट्टी मिळाली की येतेच.

तुझी भिंगरी


दि. ४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. नदीपलीकडच्या सभागृहातून लिहिते आहे, तेव्हा आधी श्वास घे.

तुझं पत्र वाचून माझं डोकं पार भंजाळलं. आधी म्हणतेस हे खोटं ते खोटं, आम्ही हात वर करायला शिकलो, आणि आता म्हणतेस हात खाली करा आणि पळा. बरं, कशासाठी पळा, तर माहीत नाही! असा डॉक्टर असता तर मी फी दिली नसती. दारापाशी जाऊन कान लावला. काही ऐकू आलं नाही. माझ्या कानांना तसंही काय ऐकू येतं म्हणा.

तुझे आजोबा म्हणाले, तिचं तिलाच नक्की नाही तर आपण का उठायचं? मी म्हटलं, तुम्ही बस चालवायचात तेव्हा रेल्वेच्या फाटकाला थांबायचात ना? गाडी दिसली नाही तरी? म्हणाले, तो नियम होता. मी म्हटलं, मग हा माझा. तरी ढिम्म. शेवटी मी शेगडी आणि भांडी उचलली आणि सांगितलं, शेगडी असेल तिथे जेवण असेल. दुपारी आले, काखेत रेडिओ. मला बघायला नाही, बातम्यांना इथे चांगला आवाज येतो म्हणून, असं सांगतात.

शिंपीणबाईही आली, हातगाडीवर शिवणयंत्र आणि त्यावर कुत्रं. मी सांगितलं म्हणून आली, मला काही कळतं म्हणून नव्हे. बाकी ओळ तिथेच आहे. सुतार म्हणाला, आजी, तुमच्या नातीने एवढे सिनेमे पाहिले की तिला दारातही सिनेमा दिसतो.

काळजी करू नकोस म्हणत नाही, कर. पण जेवून कर.
तुझी आजी


दि. २१ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. तू येऊन गेलीस आणि सुताराच्या बायकोपोरांनाही इकडे घेऊन आलीस, हे बरं केलंस. तो स्वतः मात्र दिवसभर तिकडेच असतो आणि झोपायला तेवढा येतो. डोंगराने काय वेळ ठरवून घेतलीय त्याच्याशी?

तर, काहीही झालेलं नाही. पाऊस थांबला, ऊन पडलं, डोंगर आपला हिरवागार उभा. वरच्या ओळीतली माणसं पुलावर भेटली की विचारतात, आजी, खेळ कधी सुरू होणार? चष्मेवाला एक दिवसाआड येतो, भिंतींवर खुणा करतो. मी विचारलं, सरकतंय का रे बाबा? म्हणाला, हो, थोडं थोडं. मी विचारलं, पडणार का? म्हणाला, सांगता येत नाही. तुझाच भाऊ शोभेल.

खरं सांगू का, मला माझंच कळेनासं झालंय. सकाळी उठले की आधी खिडकीतून डोंगर बघते. उभा दिसला की हायसं वाटतं आणि लगेच रागही येतो, की मेल्या, तू उभाच राहणार होतास तर मला एवढं का पळवलंस? मग स्वतःचीच लाज वाटते. तो पडावा असं का वाटायचं कुणाला? तिथे माणसं आहेत. सिनेमा निदान संपतो. लोक उठतात, चपला शोधतात. इथे बसायचं किती आणि उठायचं कधी, हे कुणी सांगत नाही. तुझ्या पुस्तकात असेल तर कळव.

आज सकाळी शिंपीणबाईने बोचकं बांधलं. गिऱ्हाइकं पूल ओलांडून इकडे येत नाहीत, कपडे साचलेत, इथे उजेड नाही. म्हणाली, आजी, तुमच्या शब्दावर आले, आता तुम्हीच सांगा, जाऊ का परत? मला काय माहीत? पण ती खरंच उठली तेव्हा मी म्हटलं, नातीचं पत्र आलंय, अजून जायचं नाही म्हणते. तिने बोचकं सोडलं. तुझं पत्रबित्र काही आलेलं नाही. तेव्हा आज बसल्या बैठकीला तसं लिही आणि तारीख कालची घाल. तिला वाचता येतं.

आमच्यावर जीव ठेवून अस.
तुझी आजी