सगळं आलंय, फक्त गाडी यायची आहे

तीर्थस्वरूप दादा यांस,

धाकट्या मावसभावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, प्रत्यक्षात कंबर तेवढं वाकू देत नाही.) इकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत, तिकडे आपली आणि वहिनींची तशीच असावी. आपला खोकला थांबला का? थांबला नसेल तर वहिनी सांगतात ते औषध घ्यावं, थांबला असेल तर तो त्याच औषधाने थांबला हे वहिनींपाशी कबूल करावं. मावशीच्या डोळ्यांबद्दल डॉक्टर नवीन काय म्हणाले ते सविस्तर कळवावं. (वरचं 'आपण' पत्राच्या रीतीपुरतं होतं. इथून पुढे तू.)

फोन सोडून पत्र का लिहितोय असं तुला वाटेल. आमच्याकडे फोन वाजला की आई हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसते, आणि तुमच्याकडे तो मावशीच उचलते. मला सांगायचंय ते या दोघींच्या मधून नेण्यासारखं नाही. तेव्हा हे पत्र आतल्या खोलीत वाच, मनात वाच, आणि मावशीने कुणाचं म्हणून विचारलंच तर विमावाल्यांचं आहे म्हणून सांग. विमावाल्यांच्या पत्रात पुढे काय लिहिलंय असं आजवर कुणी कुणाला विचारलेलं नाही.

आमची जुनी गाडी तुमच्या फाटकातच बंद पडली होती तो दिवस तुला आठवत असेलच, कारण ढकलली तूच होतीस. मावशी पायरीवर उभी होती आणि म्हणाली, "पुढच्या वेळी ढकलायला माणसं घेऊनच ये गं." सगळे हसले. आईसुद्धा हसली, पण ती कोपऱ्यापर्यंतच. घरी आल्यावर चप्पल काढता काढता तिने जाहीर केलं की आता बहिणीच्या फाटकात उतरेन ती नव्या कोऱ्या गाडीतूनच, नाहीतर उतरणार नाही. तेव्हापासून दोघींची भेट नाही. मावशी डोळ्यांमुळे घराबाहेर पडत नाही. आई गुडघ्यामुळे बसमध्ये चढत नाही, आणि टॅक्सी म्हटलं की तिचा तो शब्द आडवा येतो. तू न्यायला येतो म्हणालास तेव्हा ती "कशाला तुला त्रास" म्हणाली होती ना, ते नाहीच होतं. (आमच्या आईचं 'नाही' कधी नाही या शब्दात येत नाही.) इकडे हा हट्ट आणि तिकडे मावशीची नजर दर महिन्याला थोडी कमी होतेय. खरी घाई गाडीची नव्हती दादा, त्या नजरेची होती. हे मनात धरून पुढचं वाच, म्हणजे मला मूर्ख म्हणताना जरा हात आखडता घेशील.

तर मी शोरूममध्ये गेलो. सगळीकडे काच, आत गारेगार, कोपऱ्यात कॉफीचं यंत्र, आणि मधोमध चौथऱ्यावर एकच गाडी, लालभडक, भोवती दोरी बांधलेली. बाकी एवढ्या मोठ्या दालनात नुसत्या खुर्च्या. त्याच वेळी मला शंका यायला हवी होती. पण तेवढ्यात एक हसतमुख तरुण समोर आला. त्याचं नाव त्याच्या खिशावर होतं, पण आमच्या घरात तो 'होऊन जाईल' या नावानेच ओळखला जातो, कारण काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर हेच. महिन्याभरात मिळेल का? होऊन जाईल. लाल मिळेल का? होऊन जाईल. जुनी गाडी काढून टाकू का? त्यावरही तो होऊन जाईल म्हणाला, आणि मी त्याच आठवड्यात ती काढून टाकली. आमच्या मागच्या गल्लीतल्या वायरमनने घेतली. रोज सकाळी तो टपावर शिडी बांधून आमच्या दारावरून जातो, आणि त्या खडखडाटाने जागी होऊन आई रोज म्हणते, "बघ, चालतेय."

महिना गेला. मग कळलं की कारखान्यात गाड्या तयार आहेत, फक्त त्यात बसवायचा नखाएवढा एक इलेक्ट्रॉनिक भाग जगभरात कुठे मिळत नाहीये. हे मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, तेवढा भाग सोडून द्या म्हणावं, आम्ही सांभाळून चालवू. मी तो निरोप शोरूममध्ये पोचवला (मला पोचवावाच लागतो, ती घरी आल्यावर विचारते). मॅनेजरसाहेबांनी तो गंभीरपणे ऐकून घेतला आणि कंपनीला कळवतो म्हणाले. त्या माणसाने आमची इतकी वेळा इतक्या आदराने बोळवण केली आहे की माझ्याकडून त्यांच्याबद्दल वाईट लिहवत नाही.

मग मी दुसरीकडे चौकशी केली. एकाने सांगितलं, गाडी आजच मिळेल, पण छताला उघडणारी खिडकी असलेली, सगळ्यात महागडीच घ्यावी लागेल. आईने विचारलं, छत उघडून करायचं काय? दुसऱ्याने ताकास तूर लागू दिली नाही. नुसता माझा फोन नंबर घेतला, आणि तेव्हापासून मला कर्ज हवंय का, जमीन हवीय का, केस गळतात का असे फोन येतात. तिसऱ्याकडची बाई मात्र सरळ होती. तिने संगणकात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, सायकल चालवता का?" शेवटी मी होऊन जाईलकडेच परतलो. निदान तो हसत तरी होता.

मधल्या काळात एक प्रगती झाली. गाडीबरोबर घ्यावंच लागणारं सगळं सामान घरपोच आलं. पायपुसणी आली, सीटची कव्हरं आली, स्टिअरिंगचं कातडी वेष्टण आलं, सुगंधाची बाटली आली आणि शोरूमकडून भेट म्हणून एक भलीमोठी लाल छत्री आली. पायपुसणी हिने न्हाणीघराच्या दाराशी टाकली. कव्हरं जेवणाच्या खुर्च्यांना बसत नाहीत, मी पाहिलं. हल्ली कुणी विचारलं की ही म्हणते, "आमचं सगळं आलंय, फक्त गाडी यायची आहे." आणि माझ्याकडे न बघता म्हणते, त्यामुळे जास्त लागतं.

आता आईचं ऐक. गाडीची उंची गुडघ्याला झेपते का ते बघावं म्हणून मी तिला एकदा शोरूममध्ये नेलं. (रिक्षाने. मावशीकडे सोडून कुठेही ती रिक्षाने येते.) होऊन जाईलने दोरी सोडली, दार उघडलं, आणि आई आत बसली ती उठेचना. म्हणाली, मला उतरायचा सराव करायचाय. फाटकात उतरताना कुणाचा हात धरावा लागता कामा नये. तेव्हापासून दर शनिवारी आम्ही जातो. ती चढते, उतरते, दार आपल्या हाताने लावते, पुन्हा उघडते. दमली की आतच बसून घरून आणलेलं विणकाम काढते. येणाऱ्याजाणाऱ्यांना ती कंपनीचीच कुणी वाटते. लोक वाकून विचारतात, आजी, गाडी कशी आहे? ती सांगते, बसायला छान आहे, पण मिळत नाही. अशी दोनतीन गिऱ्हाइकं दारातूनच परत गेल्यावर मॅनेजरसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, आईंना पलीकडच्या सोफ्यावर बसवता आलं तर बरं. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ते आत गेले आणि तिच्यासाठी कॉफी घेऊन बाहेर आले. हीच चौथऱ्यावरची गाडी देऊन टाका, असंही मी एकदा सुचवून पाहिलं. ते विकायची परवानगी द्यायच्या बेतात होते, पण आईनेच नको म्हटलं. तिच्यात म्हणे किती माणसं बसून गेलीत. (सगळ्यात जास्त कोण बसलंय ते मी बोललो नाही.)

खरं घोडं अडलं होतं ते रंगावर. पांढरी गाडी आम्हाला केव्हाच मिळाली असती. एकाने रद्द केलेली, नवी कोरी, गोदामात उभी होती. पण आईला लालच हवी. मी समजावलं, हिने समजावलं, शेवटी मी चिडून म्हणालो की या वयात रंगाचा कसला हट्ट. चारचौघांत म्हणालो. गेल्या शनिवारी मॅनेजरसाहेबांनी तोच विषय काढला, तेव्हा आई गाडीत बसली होती, पिशवी मांडीवर होती. ती त्यांच्याशी बोलली नाही, माझ्याशीही नाही. होऊन जाईलला म्हणाली, "अरे, तिला आता माणसं ओळखू येत नाहीत. रंग तेवढे कळतात, तेही भडक असले तर. पांढरी गाडी फाटकात उभी राहिली तर तिला नुसता उजेड दिसेल. मी आलेय हे तिला दिसायला नको?"

होऊन जाईल तिच्या लोकरीचा खाली घरंगळलेला गुंडा उचलायला वाकला. मी कॉफीच्या यंत्राशी पेला धरून उभा होतो. मला फार वाईट वाटलं दादा. हा फाटकातला तोरा मिरवायचा हट्ट आहे असंच मी इतके महिने धरून चाललो होतो, आणि माझ्या आईने खरं कारण सांगितलं ते गाड्या विकणाऱ्या पोराला. घरी येताना मी रिक्षात तिचा हात धरला, तर म्हणाली, सोड, मला घाम येतोय.

तर सध्या असं आहे. लाल गाडी केव्हा येईल ते कुणालाच माहीत नाही. तुझ्याकडे मागणं काहीच नाही, नुसतं मन मोकळं केलं. मावशीला आमचा नमस्कार सांग (पत्रातून आलाय असं न सांगता). वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पाकीट सापडेना म्हणून पत्र पडून राहिलं, ते बरंच झालं. बुधवारी मावशीचा फोन आला होता. काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण फोन ठेवून आई म्हणाली, ती पांढरी घेऊन टाक, लालसाठी थांबायला आता वेळ नाही. मी घेतली. दारात उभी आहे, आणि पायपुसणी तिच्यात गेल्यामुळे ही न्हाणीघराशी घसरता घसरता वाचली. आम्ही रविवारी येतोय. आईने शोरूमची लाल छत्री काढून ठेवलीय. तुमच्या कोपऱ्यापासून ती खिडकीबाहेर उघडी धरून बसणार आहे. तेव्हा आता एक मागणं आहे. मावशीला फाटकाशी खुर्ची टाकून बसव, आणि गाडी पांढरी आहे हे सांगू नकोस. विचारलं तर लाल सांग. वहिनींनाही तसंच पढवून ठेव.

ता. क. दुसरा. वरचं सगळं विसर. आम्हा सगळ्यांना शपथा घालून झाल्यावर आईने आज स्वतःच मावशीला फोनवर सांगून टाकलं की गाडी पांढरी आहे. मावशीला रंगाचं काहीच वाटलं नाही. तिने विचारलं, आवाज कसा आहे? आई मोठ्या ऐटीत म्हणाली, आवाज मुळीच नाही, चालू आहे की बंद तेसुद्धा कळत नाही. त्यावर मावशी म्हणाली (मी शेजारीच बसलो होतो, आमच्याकडे ही सवय सगळ्यांनाच आहे), "मग तू आलीस हे मला कळणार कसं गं? ती तुझी जुनी खडखडत कोपऱ्यावर आली की मी इकडे चहा टाकायचे."

आईने फोन ठेवला, चप्पल घातली आणि गुडघ्याची तक्रार न करता चालत मागच्या गल्लीत गेली. वायरमन भला माणूस आहे. रविवारपुरती जुनी गाडी द्यायला तो तयार झाला, पण त्याला त्या दिवशी काम आहे, म्हणून नवी गाडी त्याच्याकडे राहील. शिडी टपावर बांधू का, असं त्याने विचारलंय. आई म्हणाली, बांध.

तेव्हा खुर्ची फाटकाशी नको, चुलीजवळच राहू दे. तू मात्र खोकला तेवढा रविवारपर्यंत बरा कर आणि पायात बूट घाल. ती फाटकात बंद पडणारच आहे.