बंडप्पाची प्लीहा

१२ एप्रिल १९४८
आज बंडप्पाची चिरफाड केली. वय चोवीस. दोन दिवस चौकीत कोंडलेला, तिथंच गेला. बाहेरून फक्त एक काळानिळा डाग, डाव्या बरगड्यांखाली. पोट उघडलं तर रक्तानं भरलेलं! हिवतापानं प्लीहा आधीच नारळाएवढी झालेली — एका लाथेत फुटली. हैदराबादला शिकताना अशी प्लीहा फक्त बरणीत पाहिली होती. खोटं कशाला लिहू, निदान सापडलं म्हणून क्षणभर आनंदच झाला. मग त्याच्या तोंडाकडं लक्ष गेलं.

चौकीचे फौजदार, अमीनसाहेब, दारातच उभे. "डाक्टर, हैजा लिखो. तुम्हारे बाल-बच्चे यहीं रहते हैं ना?"

लिहिलं. पटकीनं मृत्यू. खाली सही. प्लीहा तेवढी स्पिरिटच्या बरणीत घालून कपाटाला कुलूप लावलं. एवढीच माझी मर्दुमकी!

१३ एप्रिल
मातीला गेलो. समाधीच्या खड्ड्यात बसवताना माझे टाके तुटतील, याचीच धास्ती. तुटले नाहीत. त्याच्या गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवलं, माती लोटली. आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत, हे एक बरं — पुरावा जमिनीत तरी राहील, असं मनात आलं. लाज वाटली.

त्याच्या आईनं, गौराबाईनं, हात धरला. "डाक्टरसाब, तुमी आपल्यातलेच. लेक सगळा हाय न्हवं? कायबी काढून घेतलं न्हाय न्हवं?"

"सगळा आहे," म्हणालो.

२ मे
बदलीचा अर्ज नामंजूर. दवाखान्यासमोर लिंबाखाली पोलीस बसवलाय. लोहाऱ्याला सासऱ्यांकडं जायचं तरी तो विचारतो — कुठं, कशाला, कधी येणार?

बायको, जगदेवी, म्हणते, "लिंगाच्या दोऱ्यात किल्ली कशाला ओवली?" तिच्यावर खेकसलो. तिचा काय दोष?

९ मे
गौराबाईनं वर अर्ज केलाय — समाधी उघडा, हैदराबादच्या डॉक्टरकडून लेकाला तपासा. धन्य ती बाई! पण आत प्लीहाच नाही. खरं बोललो तर खोटा कागद माझा. गप्प बसलो तर चोर मीच. इकडं आड, तिकडं विहीर.

११ मे
भर दुपारी अमीनसाहेबांनी समाधी उकरवली. रॉकेल ओतून बंडप्पाला जाळलं. आमचा पुरोहित जंगम आडवा पडला, त्याला ढकलून दिलं.

"हैजे की मय्यत है. डाक्टर का कागज है."

माझा कागद! माझी सही! तपासणी टाळायला त्यांना तेवढंच हवं होतं, आणि ते मी आयतं हातात दिलं.

१२ मे
सकाळी गौराबाई आली. रडली नाही. उंबऱ्यात बसली. "आता पुरायलाबी कायच उरलं न्हाय, डाक्टरसाब."

पोलीस लिंबाखालून बघत होता. मी गळ्यातली किल्ली काढली.

"उरलंय," म्हणालो.