टेपवस्तीचे सात हिरवे ठिपके

३ नोव्हेंबर, सोमवार

साहेब चक्क हसले! माझ्याकडे बघून! टेपवस्तीचे सातही ठिपके महिनाभर रोज हिरवे. बाकी गावांत रोज कुणीतरी फोन उशाखाली विसरतं, नाहीतर चार्जिंगच नसतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना आम्ही फोन दिलेत, त्यांवर सकाळी आठला मशीनचा फोन जातो, "बरे असाल तर एक दाबा." तीनदा वाजून कुणी दाबलं नाही की माझ्या पडद्यावर लाल ठिपका आणि आमची जीप धावते. निम्म्या वेळा म्हातारं माणूस अंगणात शेंगा फोडत बसलेलं! आणि वर आम्हालाच विचारतं, "का आलाय?"

टेपवस्तीत तसं नाही. "आदर्श वस्ती म्हणून नाव साताऱ्याला पाठवू," म्हणाले साहेब. "तुम्ही जाऊन फोटो काढून आणा."

५ नोव्हेंबर, बुधवार

डोकं फिरलंय माझं.

ड्रायव्हर आप्पासोंबरोबर गेले. वस्ती खाली ओढ्याच्या अंगाला, सात घरं, सात एकटी माणसं. पहिल्याच घरी रंगूबाई. ऐंशी पार. म्हटलं, आजी, फोन घेऊन बसा, फोटो काढते. तर म्हणतात, "फोन हितं कुठला? त्यो मनुबाईकडं."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच!

मनुबाईंचं घर वर टेपावर, म्हणजे टेकाडावर, एकटंच. भिंतीला सात खिळे, सात खिळ्यांना सात फोन. प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या लुगड्याची नाहीतर धोतराची चिंधी बांधलेली, ओळखायला. आणि ही बाई रोज आठला सातही फोन घेते आणि सातही वेळा एक दाबते!

"तुम्ही दाबता?" मी ओरडलेच.

"व्हय. मग कोण दाबणार? आवं ताई, खाली रेंज न्हाई. घरात ठिवला तर नुसता डबा हाय त्यो."

एवढं सरळ सांगितलं! फोन ज्याचा त्याच्याच हातात हवा, हा पहिला नियम. म्हणजे महिनाभर मी काय बघत होते? एका बाईचा अंगठा!

परत येताना आप्पासो म्हणाले, "मॅडम, काय बी बोलू नका हापिसात." त्यांच्यावरही चिडले. उगाच.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी होती. तरी स्कूटी काढून पहाटेच गेले. मनुबाईंना रंगेहाथ पकडायचं, असंच काहीतरी डोक्यात होतं. खोटं कशाला लिहू?

त्या दुधाची किटली घेऊन निघालेल्या. मी मागे. रंगूबाईंच्या दारात, "उठलीस का गं?" आतून शिवी आली. मनुबाई हसल्या. "शिवी आली म्हंजी तब्येत झ्याक." पुढच्या घरी धूर बघितला. त्याच्या पुढच्या घरी कोंबड्या सोडल्यात का ते बघितलं. तात्यांच्या दारात उभ्याच राहिल्या, आतून खोकला ऐकू येईपर्यंत. सात घरं झाली. मग टेप चढून वर. मी दोनदा बसले, त्या एकदाही नाही. आठला फोन वाजायला लागले तशी एकेक चिंधी हातात धरून एक, एक, एक.

मला एकदम आठवलं. सप्टेंबरात तात्यांचा लाल ठिपका आला होता. जीप गेली तेव्हा ते तापानं बेशुद्ध. डॉक्टर म्हणाले होते, दुपार झाली असती तर अवघड होतं.

"तवा मुद्दाम न्हाई दाबलं," मनुबाई म्हणाल्या. "त्यास्नी बरं न्हवतं, मग बरं हाय म्हणून कसं दाबू? खोटं हुईल की!"

आणि मी हिला खोटारडी म्हणायला आले होते! लाज वाटली. लय लाज वाटली.

निघताना रंगूबाईंनी तक्रार सांगितली. एकदा वर जाऊन त्यांनी स्वतः फोन घेतला होता म्हणे. "ती बाई इचारती, बरं हाय का. आन् सांगाय लागलं की ऐकूनच घेत न्हाई. कसली गं तुमची मानसं?"

११ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांनी अहवाल मागितला. खरं लिहिलं तर सातही फोन परत घ्यावे लागतील, नियमच तसा. मग तात्यांना पुन्हा ताप आला तर?

लिहिलं, "प्रतिसाद समाधानकारक." फोटो? मोबाईल बिघडला म्हणून सांगितलं. आप्पासोंनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर थाप मारली आणि धास्ती वाटली नाही. उलट भूक लागली! दोन वडापाव खाल्ले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मनुबाईंना फोन केला. म्हटलं, तुम्हीही एकट्याच की, मुलगा फौजेत. आठवा फोन तुमच्या नावानं काढू का?

"मला काय धाड भरलीया? एकसष्टची हाय मी!"

वयाची अट पासष्टची. साहेबांच्या सहीनं सूट मिळते, पण त्याआधी ते स्वतः घर बघायला जातात. गेले की भिंतीवरचे सात फोन दिसणार.

अर्ज भरला होता. पाठवला नाही. खणात ठेवलाय. आदर्श वस्तीसाठी साताऱ्याची माणसं ऑफिसात यायची आहेत, ती येऊन गेली की बघू.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सात हिरवे. आता रोज आठला पडदा उघडला की मनुबाईच दिसतात मला, किटली घेऊन दारोदार फिरणाऱ्या. मनातल्या मनात नमस्कार करते. कुणी बघितलं तर म्हणेल हिला वेड लागलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आठ वाजून वीस मिनिटं. सातही लाल.

मनुबाईंचा स्वतःचा फोन वाजतोय, उचलत नाहीत. आप्पासो जीप काढतायत.

ती सात माणसं बरी असतील. आठव्या फोनचा अर्ज माझ्या खणात आहे.