बोटं मिटेनाशी झाली तर

दवाखान्यावरची खोली
३ डिसेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि. नमस्कार घाईतला आहे, पण मनापासूनचा.

पत्र गॅरेजच्या पत्त्यावर आलेलं पाहून तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. काय करू? घरी फोन केला की आई शेजारी उभी असते आणि तुझं बोलणं हो, नाही, बरं याच्या पुढे जात नाही. म्हणून हा उपद्व्याप.

तर ऐक. इथली जीप गेल्या महिन्यात कायमची बसली. नवी येणार म्हणतात, कधी ते कुणीच म्हणत नाही. बाळंतिणी काही जीपसाठी थांबत नाहीत, आणि डोंगरावरच्या सात वस्त्यांत बाळंतपणं करणारी नर्स मी एकटी. शेवटी शेडमध्ये धूळ खात पडलेली दवाखान्याची मोटारसायकल मी बाहेर काढली. डॉक्टरबाईंनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि येते का चालवता म्हणून विचारलं. मी सांगितलं, पंधराव्या वर्षी मामाने गॅरेजच्या मागच्या आवारात शिकवली आहे. आईला अजून वाटतं मी तेव्हा गणिताच्या शिकवणीला जात होते.

आईला मी जीपच सांगते. जीपचा ड्रायव्हर कसा आहे म्हणून तिने विचारलं, तर मी त्याला मिशा, दोन मुली आणि दमा देऊन टाकला. मागच्या फोनला तिने त्याला वाफ घ्यायला सांगितली. आधी मला हसू आवरेना, मग काहीतरी कारण सांगून मी फोन ठेवला.

पण थंडी, मामा! सकाळी निघते तेव्हा रस्त्याकडेचं गवत पांढरं असतं. दोन स्वेटर, वर कोट, तरी अर्ध्या तासात छाती उघडी असल्यासारखी होते. बोटांचं तर विचारूच नकोस. परवा एका घरी मला बॅगेचं बक्कल उघडेना. नऊ महिन्यांच्या त्या पोटुशीनेच ते उघडून दिलं आणि वर माझे हात चोळत बसली. तपासायला मी गेले होते की ती?

काय करू सांग. गाडी सोड एवढं सांगू नकोस. बाबा गेल्यापासून तू गाडीवर बसला नाहीस, हे मला माहीत आहे. तरी विचारायला दुसरं आहे कोण? आणि आई अजून तुझ्याशी कामापुरतंच बोलते का?

उत्तर लवकर धाड, रागावून लिहिलंस तरी चालेल.

तुझी
भिंगरी

•

गॅरेज
९ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्याहून अनेक धपाटे.

तुझं पत्र वाचल्यापासून हातात पाना टिकत नाही. काल एका गिऱ्हाइकाच्या गाडीला तेल घालायचं विसरलो आणि त्यालाच वर दोन शब्द सुनावले. गाडी सोड म्हणत नाही. म्हटलं असतं तरी तू ऐकणारी नाहीस. तेव्हा निदान हे ऐक.

स्वेटरवर स्वेटर चढवून काही होत नाही. वारा लोकरीतून आरपार जातो. सगळ्यांच्या वर वारा अडवणारं काहीतरी हवं. पाऊस असो-नसो, रेनकोट चढव. शिवाय वर्तमानपत्राची जाड घडी कोटाच्या आत, छातीवर ठेव. लोक हसले तर काढून बातम्या वाचून दाखव. मफलरची टोकं आत खोच, बाहेर फडफडली तर चाक त्यांना धरेल. दोन-दोन मोजे घालून बूट आवळू नकोस. पायात रक्तच फिरलं नाही तर मोज्यांनी काय करावं?

हातमोजे एक माप मोठे घे आणि आत पातळ जोड घाल. एक कोरडी जोडी कायम पोटापाशी ठेव. मोजा भिजला की त्याचा भरवसा संपला. सोबत हँडलला बांधायचे पडदे पाठवतोय, जुन्या ट्यूब कापून केलेत. दिसायला हत्तीचे कान आहेत, पण वारा अडवतील. आणि हात कितीही गारठले तरी इंजिनाला टेकवू नकोस. बधिर हाताला भाजलेलं कळत नाही. काखेत धर.

पुलावर किंवा सावलीतल्या वळणावर रस्ता नुसता ओला दिसला, तर तो बर्फ आहे असंच धरून चाल. वेग आधीच उतरव, तिथे गेल्यावर ब्रेक मारू नकोस. निघाल्यावर टायर गार असतात, पहिला तुकडा गोगलगायीसारखा काढ.

आता मुख्य गोष्ट. दर वीस मिनिटांनी थांबायचं आणि अंगठा करंगळीला टेकवून बघायचा. टेकत नसेल तर आसरा शोधायचा, पुढे जायचं नाही. हुडहुडी भरली तर थांब. पण हुडहुडी भरून आपोआप थांबली आणि छान वाटायला लागलं, तर ते सगळ्यात वाईट. तेव्हा डोकं म्हणतं की आता थोडंच राहिलंय. त्या डोक्याचं ऐकू नकोस.

आईशी खोटं बोलतेस ते मला पटत नाही. ती माझ्याशी बोलते की. चहा ठेवलाय, दिवा मालव, एवढं बोलते. मला पुरतं. काल मात्र तिने आपणहून विचारलं, त्या ड्रायव्हरचा दमा कसा आहे म्हणून. मी म्हटलं, उतार आहे. कुठे आणून ठेवलंस बघ मला!

पोचल्याच्या दोन ओळी दर आठवड्याला हव्यात. माया आहे म्हणून तोंड सुटतं, एवढं समजून घे.

तुझा
मामा

•

दवाखान्यावरची खोली
२२ डिसेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि. आधी हे वाच, की मी धडधाकट आहे.

शुक्रवारी दुपारी खाणीपलीकडच्या वस्तीवरून निरोप आला. दुसरं बाळंतपण, कळा सुरू झालेल्या. दीड तासाचा रस्ता. रेनकोट, वर्तमानपत्र, हत्तीचे कान, सगळं तू सांगितलंस तसं होतं. अर्ध्या वाटेवर पाऊस आणि बर्फ यांच्यामधलं काहीतरी पडायला लागलं. पहिल्यांदा थांबले, अंगठा करंगळीला टेकला. दुसऱ्यांदा कसाबसा टेकला. तिथेच भिजलेले काढून कोरडे हातमोजेही घातले. तिसऱ्यांदा मी थांबलेच नाही. ती बाई डोळ्यांपुढे होती. आणि खरं सांगू, मला बरं वाटायला लागलं होतं. दातावर दात आपटायचे थांबले होते. मी गुणगुणत होते, मामा. डोळे जड होत होते आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

मग वळण आलं. मी ब्रेक दाबला, म्हणजे मला वाटलं दाबला. बोटं लिव्हरवर होती, मी ती बघत होते, आणि ती मिटत नव्हती. जणू कुणा दुसऱ्याचीच. पायाने ब्रेक मारला, तर मागचं चाक घसरलं आणि मी रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात शिरले. गुडघ्याला खरचटलं, बाकी काही नाही. तुझं वाक्य मला ढिगावर बसल्यावर आठवलं, आधी नाही.

ती खडी रस्ता दुरुस्त करणाऱ्यांची होती. पन्नास पावलांवर त्यांची पत्र्याची खोली होती आणि आत त्यांचा मुकादम एकटा बसलेला. त्याने माझा भिजलेला कोट उतरवला, घोंगडीत गुंडाळलं, गोड मिट्ट चहा केला. मला कप धरता येईना, तर त्यानेच तोंडाला लावला. दर पाच मिनिटांनी मी उठत होते. शेवटी त्याने गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि सांगितलं, वरती तक्रार करायची तर खुशाल करा, मी देणार नाही. थोड्या वेळाने हुडहुडी परत आली, मग बोटांत सुया टोचायला लागल्या, मग बोटं माझी झाली. पाऊण तास गेला. निघताना त्याने स्वतःचे कोरडे हातमोजे दिले, सिमेंटने पांढरे झालेले.

पोचले तोवर मुलगी झाली होती. आजेसासूने हातात घेतली होती, रडत होती, छान होती. पण वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. मी कुपी फोडली, इंजेक्शन भरलं, दिलं. पोट दाबून धरलं. वार पडल्यावर कुठे रक्त आवरलं. मग खाणीच्या ट्रकमधून तिला खाली आणलं. बाई वाचली. डॉक्टरबाई म्हणाल्या, तासभर आधी पोचली असतीस तर इतकं रक्त गेलं नसतं, कदाचित. तिच्या नवऱ्याने मला एवढंच विचारलं, की इतका वेळ कुठे होतात. मी खाली वाकून बॅग आवरत राहिले. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. गाडी पुसते, बॅग भरते, रिकामी करते, परत भरते.

आणि एक विचारायचं आहे. त्या वळणावर माझा ब्रेक ठीक होता. दवाखान्यात परत आल्यावर मी तो दहा वेळा दाबून पाहिला. बाबांच्या अपघातात गाडीचा ब्रेक खरंच निकामी झाला होता का रे?

खरं ते लिही. तेवढा लोभ माझ्यावर असू दे.

भिंगरी

•

गॅरेज
२९ डिसेंबर

चि. भिंगरीस,
पोटभर आशीर्वाद.

आधी तुझं. त्या वळणावर न थांबता, बोटं बधिर असताना तू पोचली असतीस, तर तुला ती कुपी फोडता आली असती का? बक्कल उघडत नव्हतं म्हणून तूच लिहिलं होतंस. पाऊण तास उशीर झाला हे खरं. पण पोचली ती नर्स पोचली. त्या माणसाला हेच सांग, आणि त्याला पटलं नाही तर रागावू दे. त्या मुकादमाला माझा नमस्कार सांग. मला तो भेटला असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

चूक तुझी एकच आहे, तिसऱ्यांदा थांबली नाहीस. ती परत करू नकोस. बाकीचं ओझं खाली ठेव.

आता बाबांचं. हे मी अकरा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

ब्रेक ठीक होता. मी गाडी गॅरेजात आणून, दार लावून पुरती उघडली. तार अखंड, आतले ब्रेक-शू जवळजवळ नवे. मीच महिन्यापूर्वी घातलेले. पण त्याआधी, अपघाताच्या वळणावर मी त्याचे हात पाहिले होते. पातळ सुती मोजे, चिंब भिजलेले. त्याचे जाडे अस्तराचे मोजे नव्हते.

बातमी सांगायला मी घरी आलो तेव्हा ते अंगणात दोरीवर लटकत होते. तुझ्या आईने आदल्या दिवशी धुतले होते आणि थंडीत ते वाळले नव्हते. ती दाराशी उभी होती, दोरी तिच्या पाठीमागे. मला वाटलं, आता ही वळेल आणि बघेल. ती वळायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, की ब्रेक मी नीट बसवला नव्हता, चूक माझी.

त्याचा मला पस्तावा नाही. तिला माझ्यावर रागावता आलं, रागावून तिने तुला वाढवलं. स्वतःवर रागावली असती तर अंथरुणातून उठली नसती. तेव्हा हे तिच्या कानावर कधीही जाता कामा नये. वाचलंस की हा कागद शेगडीत घाल.

मला थोडी कणकण आहे, दोन दिवस गॅरेज बंद ठेवीन म्हणतो. काळजीचं काही नाही. पण दोन ओळी पाठवच; त्या आल्याशिवाय माझा पाय ठरत नाही.

तुझा
मामा

•

घर
८ जानेवारी

चि. भिंगरीस,
उदंड आयुष्य लाभो. माझं अक्षर पाहून दचकू नकोस. मामा बरा आहे. ताप उतरला, खोकला आहे.

गॅरेज आठवडाभर बंद, म्हणून पोस्टमन तुझं पत्र घरी देऊन गेला. माझी मुलगी गॅरेजला पत्र कशाला लिहिते, म्हणून मी ते फोडलं. फोडायला नको होतं. आधी उभ्याने वाचलं, मग बसून. तू मामाला वचन दिलं होतंस, की हातमोज्यांचं आईला मरेपर्यंत कळू देणार नाही. आणि खाली लिहिलं होतंस, की तू परत वस्तीवर जाऊन त्या नवऱ्याला सगळं सांगितलंस, आणि निघताना त्याने गाडीच्या दिव्याची काच पुसून दिली.

म्हणजे जीप नाही, मिशा नाहीत, दोन मुलीही नाहीत. त्या दमेकऱ्याला आता वाफेतून मोकळा कर.

दोन दिवस मी शिवायला घेतलेलं कापड उलटंच कापत होते. गणवेशाच्या तीन बाह्या वाया गेल्या. घरात इकडून तिकडे नुसत्या फेऱ्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मामाच्या खोलीत गेले, खिडकी लावली, त्याच्या उशाशी बसले आणि सांगून टाकलं. तुलाही सांगते.

मला माहीत होतं. तुझे बाबा म्हणत होते राहू दे, मोज्यांना तेलाचा वास आला म्हणून काय झालं. मीच ऐकलं नाही, धुतले. सकाळी ते ओले निघाले तर हसले, आणि जवळच तर जायचंय म्हणून सुती मोजे घालून गेले. दार लावल्यापासून मी त्या दोरीकडे तीनदा जाऊन आले होते, वाळले असतील तर कुणाबरोबर तरी पाठवावेत म्हणून. मामा दाराशी आला तेव्हा मला वळून बघायची गरजच नव्हती.

आणि माझा दादा खोटं बोलतोय हेही मला तेव्हाच कळलं होतं. एरवी त्याचं अर्धं बोलणं मिशीतच राहतं. खोटं बोलताना तो अगदी स्पष्ट बोलतो.

त्याने विचारलं, की मग मला बोलू का दिलंस. मी म्हटलं, तू बोललास आणि मला श्वास घेता आला. नंतर तो सोडायची भीती वाटली. अकरा वर्षं वाटत राहिली. तो रागावेल म्हणून मी तिथेच बसून राहिले. रागावला नाही. माझा हात हातात घेऊन त्याने डोळे मिटले आणि ताप आलेला माणूस झोपतो तसा झोपला. मी दुपारपर्यंत हात सोडवून घेतला नाही.

आता तो उठून बसतो. आम्ही बोलतो. फारसं जमत नाही, दोघं एकदमच बोलायला लागतो.

मी तुला गाडी सोड म्हणणार नाही. म्हणावंसं वाटतंय, आत्ता ही ओळ लिहितानाही वाटतंय, दोनदा खोडलंय. पण तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या त्या बाया आहेत, आणि मीही त्यांच्यासारखीच वाट बघत बसणारी. माझं एकच म्हणणं आहे. यापुढे निघताना मला खरं सांग, पोचल्यावर खरं सांग. गुडघा फुटला तर फुटला म्हणून सांग. मला सहन होईल. झालं नाही तर मामा आहे.

गुरुवारच्या बसने मी तिकडे येते आहे. ऊन वर आल्यावर मला गाडीवर मागे बसव आणि त्या खडीच्या वळणापर्यंत घेऊन चल. तू रोज काय बघतेस ते मला बघायचं आहे. मी घाबरीन, तुझी कंबर घट्ट धरीन, कदाचित रडेनही. तू वळून बघू नकोस. समोर बघून चालव.

माझ्या जिवाची घालमेल तुला कळते, तेवढंच पुरे.

तुझी
आई