बारवेच्या बक्षिसाचा फॉर्म

३ जानेवारी २०२५

गावच्या मंडळाच्या शेखरनं बक्षिसाचा फॉर्म भरला. आपल्या बारवेचा! जुन्या विहिरी, देवळं जुन्याच रीतीनं दुरुस्त करणाऱ्या गावाले मुंबईची एक संस्था बक्षीस देते म्हणे. संक्रांतीनंतर पाहायले येणार. मी फॉर्म घेतला न् वाचला. चौथी शिकले मी, अक्षर कळते मले. सिमेंटचा वापर आढळला तर बाद, असं मोठ्या अक्षरात. पुढं — संयोजक, शेखर. कारागीर, किसनराव. म्हणजे आमचे हे. अन् सगळ्यात खाली — मजूर महिला, चार.

मजूर!

चुन्याची कळी कोणी विरवली? महिना महिना पाण्यात कोणी मुरवली? बेलफळाचं पाणी कोणी घातलं? यायले थापी मारता येते, छान मारतात, नाही म्हणत नाही. पण चुना झाला का नाही हे यायले मलेच विचारावं लागते. सासूनं मरेपर्यंत हे एकच काम शिकवलं मले, अन् बोटं पाहा माह्ये — भाजलेल्या वांग्यासारखे.

४ जानेवारी

शेखरले पारावर धरलं.

"माह्यं नाव काऊन नाही बे?"

"काकू, कारागीर म्हणजे मिस्तरी. एकच जागा हाय फॉर्मवर."

"मंग तुह्यं काहाले लिहिलं? तू त सहा महिने मोबाईल धरून उभा होता!"

पारावरचे हसले. तो नाही हसला. म्हणे, "फोटोत घेतो न तुमाले, काकू. हार घालून."

हार घालून! मी काय पोळ्याचा बैल हाव?

५ जानेवारी

चुन्याच्या हौदावर पत्रा टाकला. वरून दगड. सगळ्यांइले सांगून दिलं — नाव लिहीपर्यंत एक घमेलं चुना मिळणार नाही. बारवेचा एकच कोपरा राह्यला, पायऱ्यांच्या डाव्या हाताचा. राहू दे तसाच. येऊ दे मुंबईवाल्यांइले, पाहू दे.

९ जानेवारी

हे बोलत नाहीत. जेवतात अन् उठतात.

छकुली म्हणे, "आई, पप्पाचं नाव जिंदगीत पहिल्यांदा छापून येऊन राह्यलं. येऊ दे न वं."

मंग माह्यं येऊ नये का? पोरगी आईच्या पोटची अन् बोलते बापाकडून.

१८ जानेवारी

कोपरा झाला!

पत्रा तसाच, दगड तसाच. मग झाला कशानं? धुणं टाकून पळत गेले. वरून पांढरं फटक. नखानं खरवडलं, नख मोडलं. खाली करडं. सिमेंट! हा शेखरचाच धंदा. चुना मिळाला नाही त आणली असन गोणी तालुक्याहून अन् लावलं असन कोणाच्या तरी हातानं.

घरी येऊन यायले विचारलं, "तुमी काय डोळे मिटून उभे होते का?"

म्हणे, "जाऊ दे न वं."

जाऊ दे! माणूस का शेणाचा पो!

१९ जानेवारी

कोणाले सांगितलं नाही. थांब शेखर, तुले सगळ्यांसमोर दाखवते.

२४ जानेवारी

आले मुंबईवाले. एक मॅडम, एक टकले साहेब. सारं गाव बारवेवर. शेखर नवं जाकीट घालून. हे इस्त्रीच्या सदऱ्यात, मॅडमच्या बाजूले. मॅडमनं भिंतीवर हात फिरवला, म्हणाल्या, "किती सुंदर काम आहे हो, किसनराव!" हे लाल झाले. लग्नातही एवढे झाले नव्हते.

शेखर लगेच, "पूर्ण जुनी पद्धत, मॅडम. शंभर टक्के चुना."

मी बायकांच्या मागे होते. पुढं झाले. "साहेब, तो डाव्या हाताचा कोपरा खरवडून पाहा."

साहेबानं किल्लीनं खरवडलं. पाहिलं. मॅडमले दाखवलं.

"हे कोणी केलं?" मॅडम म्हणाल्या.

"शेखरले विचारा."

"काकू, पोराची शपथ! मले मालूम नाही," शेखर म्हणे. तोंड खडूसारखं.

मले बरं वाटलं. लिहून ठेवते, लई बरं वाटलं.

२६ जानेवारी

चक्कीवर दळण घेऊन गेले त बायका गप्प. मी वळले अन् मागून, "गावाचं बक्षीस खाल्लं हिनं." उलटी फिरले. "खोटं बोलले का मी? सांगा न!" पीठ जाडं दळलं चक्कीवाल्या मेल्यानं, मुद्दाम.

३० जानेवारी

निरोप आला. बाद.

पारावर सभा झाली. शेखरले मंडळातून काढा म्हणे. त्याची माय माह्या दारात येऊन रडली, "आशाबाई, पोरगं देवळात हात ठेवून सांगून राह्यलं न वं, त्यानं नाही केलं." मी म्हटलं, रडा आता. फॉर्म भरताना खूश होते न सगळे?

३१ जानेवारी

सकाळी यायनं चहाले हात लावला नाही. म्हणाले, "सिमेंट मीच लावलं. तुले चुना मागाची छाती झाली नाही माह्यी."

सदरा घातला न् शेखरच्या घरी गेले सांगायले. मीही निघाले होते. उंबऱ्यातून परत फिरले. याच उंबऱ्यात म्हटलं होतं मी त्याच्या मायले, रडा आता.